‘१८०त एक’ म्हणजे किती?



यावेळी लोणच्याचे आणि लोकरीच्या कपड्यांचे प्रश्न थोडे मागे ठेवते. टपालात एक पत्र आलं आहे, आणि त्याचं उत्तर एकीलाच देऊन भागण्यासारखं नाही. नावगाव गाळून त्यातला मजकूर देते.

‘माझी धाकटी जाऊ २९ वर्षांची आहे. पहिलंच बाळंतपण. तिसरा महिना संपत आला आहे. डॉक्टरीणबाईंनी डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. रिपोर्टावर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ असं छापून आलं आहे आणि पुढे १:१८० असा आकडा आहे. बाईंची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आहे. जाऊ नीट जेवत नाही. सासूबाई म्हणतात, ग्रहणात गच्चीवर गेली होती. शेजारच्या काकू म्हणतात, वाट कसली बघता, मोकळं करून टाका. आम्ही काय करावं?’

सगळ्यात आधी हे सांगते, की या रिपोर्टाच्या जोरावर कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. काकूंच्या सांगण्यावरून तर नाहीच. चार दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही. ते चार दिवस भीतीत घालवण्याऐवजी तो आकडा काय सांगतो ते समजून घेऊ या. यात अवघड गणित काही नाही. ज्या बाईला वाण्याचं बिल तपासता येतं, तिला हे सहज समजेल.

चिंचोक्यांचा डबा

एका डब्यात १८० चिंचोके घ्या. त्यांतल्या एकाला चुन्याचं बोट लावा. डबा चांगला हलवा आणि डोळे मिटून एक चिंचोका उचला. चुन्याचा हाती येईल का? येऊ शकेल. पण १७९ चिंचोके साधे आहेत, हेही तितकंच खरं आहे.

१:१८० याचा अर्थ एवढाच. तुमच्या जावेसारखा रिपोर्ट आलेल्या १८० बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांच्यापैकी एकीच्या बाळाला तो दोष असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. शेकड्याच्या भाषेत सांगायचं तर शंभरात अर्ध्याहून किंचित जास्त. लाल अक्षरं हे सांगत नाहीत. ती फक्त घाबरवतात.

हा आकडा बहुधा ‘डाऊन सिंड्रोम’ या दोषाचा असतो. तरी आकड्याशेजारचं नाव वाचून खात्री करून घ्या, कारण त्याच कागदावर आणखी एक-दोन दोषांचे आकडेही असतात. तेही असेच वाचायचे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. हे १९५९मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. ते जादा गुणसूत्र बहुतेक वेळा बीजपेशी तयार होतानाच येतं, म्हणजे गर्भ राहायच्याही आधी. तेव्हा सासूबाईंना हळूच सांगा, की ग्रहणाचा, गच्चीचा आणि जावेच्या खाण्यापिण्याचा यात काही हात नाही. आधीच घाबरलेल्या मुलीच्या माथी दोष मारू नका.

आकडा आला कुठून?

रक्त तपासलं की हा आकडा आपोआप निघतो, असं पुष्कळजणींना वाटतं. तसं नसतं. तो मांडलेला हिशेब असतो, आणि त्याची सुरुवात आईच्या वयापासून होते.

लायोनेल पेनरोझ या इंग्रज डॉक्टरांनी १९३३मध्ये कुटुंबांची माहिती गोळा करून दाखवलं, की या दोषाचा संबंध आईच्या वयाशी आहे. बापाचं वय किंवा मूल कितवं आहे, याला तसं महत्त्व नाही. पुढे मोठ्या संख्येनं नोंदी झाल्या आणि कोष्टकं तयार झाली. आईचं वय २५ असेल तर साधारण १,२५० बाळांत एक, ३०व्या वर्षी १,००० बाळांत एक, ३५व्या वर्षी ३५० ते ४००त एक, आणि ४०व्या वर्षी १००त एक. तुमची जाऊ २९ वर्षांची. म्हणजे तिचा हिशेब हजारात एक इथून सुरू झाला.

त्यात रक्तातल्या दोन द्रव्यांची मापं येतात. दोन द्रव्यं म्हणून ‘डबल मार्कर’. ती मापं कशाशी ताडून बघतात? तितक्याच आठवड्यांच्या इतर गर्भवतींच्या मधल्या मापाशी. शाळेत मुलींना उंचीप्रमाणे ओळीत उभं करतात ना, तेव्हा बरोबर मधोमध जी मुलगी येते, तिची उंची म्हणजे मधलं माप. आपल्या जावेचं माप त्या मधल्या मापाच्या दुप्पट आहे की निम्मं, हे पाहतात. शिवाय ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. हे मोजमाप लंडनमधले डॉक्टर किप्रोस निकोलायडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये पुढे आणलं.

प्रत्येक मापानं मूळ आकडा थोडा वर किंवा खाली सरकतो. हजारात एकचा १८०त एक झाला, म्हणजे साधारण साडेपाच पटीनं वाढला. ‘साडेपाच पट’ हे शब्द ऐकून छातीत धस्स होतं. पण हजार चिंचोक्यांत एक होता, त्याऐवजी आता साडेपाच झाले. बाकीचे सुमारे नऊशे चौऱ्याण्णव साधेच राहिले.

आता एक घरगुती काम सांगते. तो रिपोर्ट काढा आणि वर छापलेली माहिती नीट तपासा. वय बरोबर आहे? वजन बरोबर आहे? गर्भाचे दिवस सोनोग्राफीप्रमाणे धरले आहेत का? जुळं असेल, मधुमेह असेल, गर्भधारणा टेस्ट ट्यूब पद्धतीनं झाली असेल, तर तशी नोंद आहे का? मानेच्या मापाचा आकडा हिशेबात घेतला आहे, की नुसत्या रक्तावर हिशेब केला आहे? मधलं माप आठवड्यागणिक बदलतं. त्यामुळे दिवस चुकले, की ताडायचं मापच चुकतं आणि सगळा हिशेब बिघडतो. काही चूक दिसली, तर डॉक्टरीणबाईंना दाखवा. नव्यानं रक्त न घेताही हिशेब पुन्हा मांडता येतो.

लाल रेघ कोण ओढतं?

आणखी एक गंमत पाहा. ‘हाय रिस्क’ आणि ‘लो रिस्क’ यांच्यामधली रेघ माणसांनी ठरवलेली आहे. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळा ती १:२५०वर ओढतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ती १:१५०वर आहे. म्हणजे तुमच्या जावेचा हाच १:१८० आकडा तिकडे रेघेच्या अलीकडे पडला असता आणि तिला कुणी बोलावलंही नसतं! बाळ तेच, आई तीच, आकडाही तोच. बदलली ती रेघ.

मग रेघ चुकीची म्हणायची का? नाही. रेघ ओढताना दोन गोष्टी तोलाव्या लागतात. ती सैल ठेवली, तर अनेकजणींना उगाच घोर लागतो. फार आवळली, तर दोष असलेली काही बाळं नजरेतून सुटतात. कुठल्याही देशाला यातून सुटका नाही. आपण एवढंच ध्यानात ठेवायचं, की शब्दापेक्षा आकडा वाचावा. १:१० आणि १:१८० या दोघींना लाल शाई सारखीच मिळते, पण दोघींची गोष्ट अगदी वेगळी असते.

चाळण आणि निवडण

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही तपासणी म्हणजे चाळणी आहे.

आपण धान्य चाळतो तेव्हा वर काय राहतं? खडे राहतात, ढेकळं राहतात, आणि त्यांच्याबरोबर मोठे चांगले दाणेही राहतात. म्हणून वर राहिलेलं सगळं काही कुणी केरात टाकत नाही. ते ताटात घेऊन, उजेडाला बसून, हातानं निवडतो. आणि एखादा बारीक खडा चाळणीतून खालीही जातो, हा अनुभव आपल्या दातांना असतोच.

हिशेबाच्या सोयीसाठी १०,००० गर्भवती धरू. समजा, त्यांच्यापैकी २० जणींच्या बाळांना हा दोष आहे. वय, रक्त आणि सोनोग्राफी मिळून केलेली तपासणी शंभरातली साधारण ८५ ते ९० बाळं ओळखते. म्हणजे २०पैकी १७ सापडतील आणि ३ सुटतील. पण त्याचबरोबर निरोगी बाळांच्या आयांपैकीही शंभरात पाचजणी चाळणीवर अडकतात. उरलेल्या ९,९८० जणींतल्या पाच टक्के म्हणजे जवळजवळ ५०० झाल्या. आता चाळणीवर किती राहिल्या? ५१७. त्यांच्यापैकी खरा दोष १७ बाळांत. म्हणजे लाल अक्षरं बघून रडणाऱ्या तीस बायकांपैकी सुमारे एकोणतीसजणींची बाळं या दोषापासून मोकळी असतात.

‘तपासणी नव्वद टक्के बरोबर असते’ हे वाक्य ऐकलं, की आपल्याला वाटतं, बाळाला दोष असण्याची शक्यताच नव्वद टक्के. इथेच घोटाळा होतो. दोष असलेल्या बाळांपैकी किती सापडतात, हा एक प्रश्न. सापडलेल्यांपैकी किती खरोखर दोषी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावायचं नाही. शिकलेसवरलेलेही यात फसतात, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही. आणि ज्यांना ‘लो रिस्क’ आलं, त्यांनीही ते ‘धोका शून्य’ असं वाचू नये. ते तीन सुटलेले आठवा.

हातानं निवडणं म्हणजे काय, तेही सांगते. आईच्या रक्तात बाळाची काही गुणसूत्रद्रव्यं उतरलेली असतात, त्यांची एक नवी तपासणी आता मिळते. ती या दोषाची शंभरातली जवळजवळ ९९ बाळं ओळखते आणि उगाच घाबरवते फार कमी. मात्र ती खर्चिक आहे आणि तीही बारीक भोकांची चाळणीच आहे. पक्कं उत्तर हवं असेल, तर १५ आठवड्यांनंतर पोटातून सुई घालून गर्भजल काढतात आणि त्यातली गुणसूत्रं पाहतात. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. अनुभवी हातांत तो दोनशेत एकाहूनही कमी मानला जातो. म्हणजे इथेही एका पारड्यात १८०त एक आणि दुसऱ्यात दोनशेत एकाहून कमी, असं तोलायचं आहे. तोलताना दोन्हीकडच्या गोष्टी सारख्या नाहीत, हे विसरू नका. कुणाला अनिश्चिततेत सहा महिने काढवत नाहीत, तर कुणाला सुईचा एवढाही धोका नको वाटतो. दोघीही आपापल्या जागी शहाण्याच.

या तपासण्या नोंदणी असलेल्या केंद्रातच कराव्या. बाळाचं लिंग सांगायला आणि विचारायला १९९४च्या कायद्यानं बंदी आहे, हे आपण जाणतोच. आणि आणखी एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते. गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती लागते ती फक्त तिची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आणि काकूंची तर नाहीच नाही. मूल ठेवायचं म्हटलं, तरी तिचा तो हक्क आहे. डाऊन सिंड्रोमची मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, सुमारे निम्म्यांना हृदयाचा जन्मजात त्रास असतो. पण ती शिकतात, माणसं ओळखतात, घरात वावरतात. हे सगळं समजून घेऊन ठरवायला वेळ लागतो. तो वेळ तिला द्या.

‘दुप्पट’ या शब्दाची किंमत

आकडा अर्धवट सांगितला, की काय होतं, याचं एक उदाहरण देते. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं डॉक्टरांना कळवलं, की संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी आणि दूरदर्शनवाल्यांनी तो ‘दुप्पट’ शब्द उचलला. बायका घाबरल्या. कित्येकींनी गोळ्या एकदम बंद केल्या.

दुप्पट म्हणजे किती होतं? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांत एकीला गुठळी व्हायची. नव्या गोळ्यांवर ७,००० बायकांत दोघींना. ७,०००त एक वाढली, हेही खरं, आणि दुप्पट झालं, हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीची. पण एक ऐकून बाई विचार करते आणि दुसरं ऐकून गोळ्या फेकून देते.

पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्यात दुर्दैव असं, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या दोन्ही गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ज्याच्या भीतीनं पळाल्या, त्याच्याच मोठ्या रूपासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गेर्ड गिगरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ आपल्या लिखाणात ही हकीकत देतात आणि सांगतात, की धोका नेहमी ‘इतक्या माणसांपैकी इतकी’ असा सांगावा. आपल्या घरात तर हा नियम पक्काच करून टाकू या.

डॉक्टरांकडे जाताना

मोठ्या माणसासमोर बसलं, की आपल्याला काही सुचत नाही. म्हणून हे प्रश्न वहीत लिहून न्या:

१. कितीपैकी किती? टक्के आणि पट नको, माणसं सांगा.

२. आधी किती होता आणि आता किती झाला?

३. किती काळातला धोका? वर्षभरातला, की जन्मभरातला?

४. ही चाळणी आहे, की पक्की तपासणी?

५. पुढची तपासणी केली तर काय धोका, आणि केली नाही तर काय?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट समोरची बाई विचार करणारी आहे म्हणून त्यांचं काम सोपं होतं. ‘ऐंशी टक्के गुण’ अशा जाहिरातीसुद्धा याच प्रश्नांच्या चिमट्यात धरून बघा, किती टिकतात ते.

आणि जाता जाता

आकडे वाचायला शिकलं, की त्यांचा दुसराही उपयोग कळतो. कुठे घाबरायचं नाही हे कळतं, तसं कुठे गप्प बसायचं नाही हेही कळतं. १८०त एक या आकड्यानं एका घराची झोप उडाली. पण २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या दर शंभर गर्भवतींपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. १८०मागे धरलं, तर हे चिंचोके झाले सुमारे ९४! बाळंतपणात बाईचा जीव धोक्यात घालणारी ही गोष्ट, पण तिच्यासाठी कुणी लाल शाई वापरत नाही. ‘बायकांना असतोच थोडा अशक्तपणा’ म्हणून आपणही सोडून देतो.

तेव्हा घरात कुणी गरोदर असेल, तर रिपोर्टांच्या गठ्ठ्यातून हिमोग्लोबिनचा कागद वर काढा. आकडा ११च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर द्या. आणि ती गोळी पोटात जाते की उशाखाली, हे सासूबाईंनीच रोज बघावं. ग्रहणापेक्षा हे लक्ष ठेवणं जास्त उपयोगी पडेल.